दहावी कसोटी

महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत मूल घ्यायचे की नाही हे ज्या चाचण्यांवरून ठरत आले आहे, त्यांना क्रीडाशिक्षक आपसात 'बॅटरी ऑफ टेस्ट' म्हणतात. उंची, वजन, ३० मीटर धाव, ६ बाय १० मीटर शटल रन, ८०० मीटर धाव, जागेवरून उंच उडी, जागेवरून लांब उडी, मेडिसिन बॉलची फेक आणि पुढे वाकून पाहायची लवचिकता. एकूण ९. आठ ते चौदा वर्षांची मुले-मुली रांगेत उभी राहतात. एक सर शिट्टी वाजवतात, दुसरे स्टॉपवॉच दाबतात, तिसरे टेपचे टोक धरून वाळूतली टाचेची खूण शोधतात आणि टेबलावर बसलेले कुणीतरी तक्ता भरत जाते. शिर्डीचे पोर असो की शिरोळचे, त्याच्या नावापुढे नऊ आकडे पडतात. त्या मुलाला काय दिसते हे त्यातला एकही आकडा सांगत नाही.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. या चाचण्या एकट्या फुटबॉलसाठी नाहीत; वेगवेगळ्या खेळांची मुले याच चाळणीतून निघतात. शिवाय आपल्याकडे निवड म्हटली की वशिल्याची शंका आधी येते, आणि स्टॉपवॉचला कुणाचा फोन येत नाही. मोजता येते तेवढेच मोजायचे, यात एक प्रामाणिकपणा आहेच. पण वर्षानुवर्षे तेच ते मोजत राहिले की हळूहळू तीच गुणवत्ता वाटू लागते. शाळेच्या मैदानावर कुणी सुसाट पळताना दिसले की 'याला फुटबॉलमध्ये घाला' म्हणणारे सर गावोगाव आहेत. पळावे तर लागतेच. पण कुठे पळायचे आणि कधी थांबायचे हे आधी कळावे लागते, आणि ते पायांना कळत नाही.

डोळे उघडे असले की समोरचे सगळे दिसते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात आपल्याला नीट, रेखीव दिसणारा भाग फारच लहान असतो. हात लांब करून अंगठा धरला तर अंगठ्याच्या रुंदीएवढा, म्हणजे जेमतेम दोन अंशांचा. बाकी सारे धूसर, अर्धे अंदाजाने भरलेले. म्हणून नजर स्वस्थ बसत नाही. सेकंदाला साधारण तीन उड्या मारत ती इकडेतिकडे टेकते, आणि उडी चालू असते तेवढा वेळ दिसणे जवळजवळ बंद असते. आता १०५ मीटर लांब, ६८ मीटर रुंद मैदान घ्या. त्यावर स्वतःखेरीज २१ जण, तेही हलते. पेनल्टीचा ठिपका गोलपासून ११ मीटरवर असतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू तिथून ०.४ सेकंदात जाळ्यात पोचतो, आणि त्यातला निम्मा वेळ 'दिसले' आणि 'हललो' यांच्यामध्येच खर्च होतो. चेंडू सुटल्यावर दिशा ओळखू म्हणणाऱ्या गोलकीपरने सरळ घरी जावे. चांगला गोलकीपर मारणाऱ्याच्या कमरेकडे आणि चेंडूशेजारी टेकलेल्या पायाकडे पाहतो, म्हणजे अजून न घडलेल्या गोष्टीकडे पाहतो.

आपल्याकडच्या नैयायिकांनी या कोड्याला फार पूर्वी हात घातला होता. मन हे अणू आहे, एका क्षणी ते एकाच इंद्रियाशी जोडले जाते, आणि दोन ज्ञाने एकाच वेळी होत नाहीत हीच मन असल्याची खूण, असे न्यायदर्शन मानते. मग आपल्याला सगळे एकदम दिसल्यासारखे का वाटते? गौतमाच्या सूत्रांत त्यावर अलातचक्राचा दाखला आहे. अंधारात जळते कोलीत गरागरा फिरवले की अखंड वर्तुळ दिसते. प्रत्यक्षात प्रत्येक क्षणी कोलीत एकाच जागी असते. मधल्या फळीत खेळणाऱ्या कसलेल्या खेळाडूच्या डोक्यातले मैदान असेच तुकड्यातुकड्यांनी जुळलेले असते. उजवीकडे एक नजर, मागे एक नजर, चेंडूवर अर्धी नजर, पुन्हा डावीकडे. फिरवण्याची गती मंदावली की वर्तुळ तुटते आणि मागून आलेला बचावपटू त्याच्या पायातून चेंडू काढून नेतो. नवख्याचे वर्तुळ जुळलेलेच नसते, कारण त्याची नजर चेंडूला चिकटलेली असते.

नॉर्वेचे संशोधक गेर यॉर्डेट यांनी हे मोजायचे ठरवले. त्यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंचे चित्रण तपासले. चेंडू पायाशी येण्याआधीच्या काही सेकंदांत कोण किती वेळा मान वळवून चेंडूपासून नजर काढतो, एवढेच मोजले. फ्रँक लॅम्पार्डचा आकडा सेकंदाला ०.६२ निघाला, स्टीव्हन जेरार्डचा ०.६१. म्हणजे दहा सेकंदांत सहा वेळा मागे-बाजूला पाहून मग चेंडू घ्यायचा. जास्त वेळा पाहणाऱ्यांचे पास जास्त वेळा योग्य माणसाकडे पोचत होते. लॅम्पार्डचे वडील स्वतः व्यावसायिक खेळाडू. मुलाच्या सामन्यांना ते कडेला उभे राहून एकच शब्द ओरडायचे, 'पिक्चर्स', अशी आठवण सांगितली जाते. पास दे, मार, पळ असे काहीही नाही. डोक्यात चित्र काढून ठेव, एवढेच. बाप असावा तर असा, असे मला वाटते, पण शेजारी उभ्या असलेल्या इतर पालकांना हा माणूस विचित्र वाटला असणार.

१४ डिसेंबर २०२५ ला मेस्सी वानखेडेवर आला, तेव्हा राज्य सरकारच्या 'महादेवा' प्रकल्पात निवडलेली तेरा वर्षांखालची मुले-मुली त्याला भेटली. त्याचा डावा पाय साऱ्या जगाने पाहिला आहे. सामन्याचा बराचसा वेळ तो चक्क चालत असतो, हे मात्र पाहणाऱ्याच्या लक्षात उशिरा येते. सामना सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे तर तो मैदानावर फेरफटका मारावा तसा हिंडतो, मान इकडून तिकडे फिरत असते, समोरच्या बचावात कुठे फट पडते याची नोंद चालू असते. आपल्या एखाद्या तालुका स्पर्धेत बारा वर्षांचा पोरगा असा चालला असता, तर पाचव्या मिनिटाला त्याला बाहेर बसवले असते, आणि वर 'अंगात आळस आहे' हा शेरा मिळाला असता.

आता मैदानाबाहेरची नजर बघायला शिर्डीत येऊ. गुरुवारी रात्री समाधी मंदिरातून पालखी निघते आणि द्वारकामाईवरून चावडीकडे जाते. त्या गर्दीत हार-प्रसादाच्या एखाद्या दुकानावरचा दहा-अकरा वर्षांचा पोरगा डोक्याच्या वर तबक धरून कसा जातो, ते एकदा बघत उभे राहावे. तो समोरच्या माणसाकडे पाहत नाही. त्याच्याही पलीकडच्या दोघा-तिघांकडे पाहतो. पुढे एक बाई मुलाचा हात ओढायला थांबणार आहे, तिच्यामागचा म्हातारा डावीकडे सरकणार आहे, मग उजव्या अंगाला हातभर जागा होईल. ती जागा अजून झालेली नसते, तेव्हाच त्याचा खांदा तिकडे वळलेला असतो. तबकातले एक फूल पडत नाही. त्यातच वीस पावलांवरून येणारे कुटुंब त्याने हेरलेले असते आणि त्यांना कोणत्या भाषेत हाक मारायची हेही ठरलेले असते. शिर्डीच्या बाजारपेठेत तेलुगू पाट्या उगाच नाहीत. दुकानदारांची पोरे कामापुरती तेलुगू शाळेत न जाता शिकतात. पायातल्या चपला, डोक्यावरच्या केसांची वेणी, चालताना कोण पुढे आणि कोण मागे, एवढ्यावरून ती गाव ओळखतात.

या पोराला उचलून मैदानावर मधल्या फळीत उभे करा, बघा कसा खेळतो, असे लिहायचा मोह इथे अनावर होतो. लिहिले की लेख गोड होऊन तिथेच संपेल. पण तसे होत नाही.

आद्रियान डी ग्रूट हे डच मानसशास्त्रज्ञ, स्वतः उत्तम बुद्धिबळपटू. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात त्यांनी खऱ्या डावातली एखादी स्थिती काही सेकंद दाखवून ती पुन्हा मांडायला सांगितली. निष्णात खेळाडूंनी जवळजवळ सगळी मोहरी जागच्या जागी ठेवली. साध्या खेळाडूंची थोडीच जमली. निष्णातांची स्मरणशक्तीच दांडगी, असे कुणालाही वाटेल. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी तीच मोहरी पटावर वाटेल तशी, अर्थ न ठेवता पसरून दाखवली, आणि निष्णातांची सारी मातब्बरी जवळपास मावळली. त्यांना मोहरी आठवत नव्हती; त्यांना डाव आठवत होता. किल्लेकोट केलेला राजा, त्याच्यासमोरची तीन प्यादी, हे त्यांच्या दृष्टीने सुटे तुकडे नसून एकच वस्तू असते. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, त्यामागे अशा हजारो ओळखीच्या आकृती आहेत. म्हणून तिची बस कधी चुकत नसेल किंवा हरवलेली किल्ली तिला पटकन सापडत असेल, असे मानायला काही आधार नाही.

फुटबॉलमध्येही हेच आढळले. पॉल वॉर्ड आणि मार्क विल्यम्स यांनी २००३ मध्ये इंग्लंडमधल्या ९ ते १७ वर्षांच्या मुलांची तपासणी प्रसिद्ध केली. काही मोठ्या क्लबांच्या अकादमीतली, काही साध्या शालेय संघांतली. आधी डोळ्यांच्या चाचण्या घेतल्या: किती बारीक अक्षर दिसते, हलती वस्तू किती स्पष्ट दिसते, कडेचे किती दिसते. त्यावरून दोन गट काही वेगळे काढता आले नाहीत. मग सामन्याचे चित्रण ऐन मोक्याच्या क्षणी थांबवून विचारले, आता चेंडू कुणाकडे जाईल? कोणकोणता खेळाडू धोक्याचा आहे? इथे फरक पडला, आणि तो नऊ वर्षांच्या मुलांतही दिसला. चष्म्याचा नंबर तपासून फुटबॉलपटू सापडत नाही, ही गोष्ट आमच्याकडच्या हौशी पालकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण 'ब्रेन ट्रेनिंग'च्या नावाखाली पडद्यावरचे लुकलुकते ठिपके मोजायला लावणारे वर्ग आता तालुक्याच्या गावापर्यंत आले आहेत. ठिपके मोजायचा सराव केला की ठिपके चांगले मोजता येतात. खेळाची जाण डोळ्यांवरच अवलंबून असते असेही नाही. दृष्टिहीनांच्या फुटबॉलमध्ये चेंडूतून खुळखुळ आवाज येतो आणि चेंडूकडे झेपावणाऱ्याला 'वॉय' असे ओरडून आपण कुठे आहोत ते कळवावे लागते. तिथेही जागेची जाण असलेला आणि नसलेला असे दोन प्रकारचे खेळाडू असतातच.

म्हणजे पालखीतल्या पोराची हुशारी खरी, पण ती गर्दीची हुशारी आहे. गर्दीला त्याच्याकडचे तबक हिसकावून घ्यायचे नसते. या गावातल्या मुलीही लहानपणापासून गर्दीत वारंवार मागे वळून पाहतात, मुलांपेक्षा कितीतरी जास्त, आणि त्याचे कारण वेगळे असते. त्या सवयीला कुणी कौशल्य म्हणत नाही. तिचे नाव काढायलाही घरात कुणी तयार नसते.

तरी एक दार किलकिले आहे. २००४ च्या एका अभ्यासात असे दिसले की फुटबॉलपटूंना हॉकीच्या चाली आणि हॉकीपटूंना फुटबॉलच्या चाली बऱ्यापैकी ओळखता येतात. व्हॉलीबॉलपटूंना मात्र नाही. जिथे दोन्ही संघ एकाच भूमीत एकमेकांत मिसळतात आणि जागा बळकावतात, त्या खेळांची दृष्टी एकमेकांना थोडी उसनी देता येते. हे वाचले तेव्हा मला आधी कबड्डी आठवली. नगर जिल्ह्यात, हल्लीच्या अहिल्यानगरात, गावोगाव कबड्डीचे संघ आहेत. चढाई करणाऱ्याला कोपरारक्षकावर डोळा ठेवून मधल्या साखळीची चाहूल घ्यावी लागते. बचाव करणाऱ्यांना सातही जणांनी एकदम पुढे यायचे की दम धरायचा, हे कुणी न बोलता ठरवावे लागते. आधुनिक फुटबॉलमध्ये चेंडू गमावताच चार-पाच जणांनी मिळून घेराव घालणे ज्याला प्रेसिंग म्हणतात, ते याहून फार निराळे नाही. खो-खोत आठ जण ओळीत आलटूनपालटून उलट दिशांना तोंड करून बसतात, पाठलाग करणाऱ्याला उलटे फिरायची मुभा नाही. बसलेल्याला पाठीमागे काय चालले आहे ते ऐकून ओळखावे लागते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास या खेळाचे नियम बांधायला घेतले, तेव्हा कुणाच्या मनात 'परसेप्शन' नव्हते. पण गावाकडच्या बारा वर्षांच्या कबड्डीपटूला फुटबॉल नवा म्हणून कोरी पाटी धरणारा प्रशिक्षक चुकतो, असा माझा तर्क आहे.

महाराष्ट्रात ही नजर आपोआप तयार होते असे एक गाव आहे, आणि ते शिर्डी नव्हे. कोल्हापुरात फुटबॉल तालमींतून वाढला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही आजही तिथल्या संघांची नावे आहेत. तांबड्या मातीचा आखाडा आणि फुटबॉलचा संघ एकाच मंडळाचे. कुस्तीतला वस्ताद डाव शिकवतो तेव्हा त्याच्यासोबत तोडही शिकवतो, आणि समोरच्याने हात कुठे घातला यावरून डाव लागण्याआधी तोड निघाली पाहिजे, हा त्याचा आग्रह असतो. आधीच ओळखण्याची ही शिस्त मैदानावर कुणी मुद्दाम आणली असे नाही, पण ज्या पेठेत दोन्ही बोलणी एकाच कट्ट्यावर होतात तिथे मुलांच्या कानांवर काय पडत असेल याची कल्पना करता येते. शाहू स्टेडियमवर लीगचा सामना असला की आजोबा, बाप आणि नातू शेजारी बसतात आणि चेंडू नसलेल्या खेळाडूलाही शिव्या घालतात: 'अरे, मोकळा हाईस न्हवं, मागून ये की!' शिवीगाळ सोडली तर ते उत्तम शिक्षण आहे. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. पुढे पुण्यात क्रीडा प्रबोधिनीत घडला. म्हणजे त्याच्या बाबतीत नऊ कसोट्या आणि पेठ, दोन्ही होते. त्या स्पर्धेत भारत अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४ हरला. सामने पाहताना मला वाटत राहिले, की आपली मुले पळण्यात कमी पडत नाहीत. चेंडू पायाशी आल्यावर मान वर करून 'आता काय' हे ठरवायला त्यांना जो क्षण लागतो, तो क्षण समोरचे देत नाहीत. समोरच्यांचे ठरवून झालेले असते.

पण नुसते पाहूनही भागत नाही. विल्यम्स आणि कीथ डेव्हिड्स यांनी १९९५ मध्ये एक मार्मिक तुलना केली. एकीकडे चांगले खेळाडू आणि दुसरीकडे शारीरिक अपंगत्वामुळे कधीच खेळू न शकलेले, पण वर्षानुवर्षे तितकेच सामने पाहिलेले प्रेक्षक. पुढे काय होणार हे ओळखण्यात खेळाडू सरस ठरले. पाहिलेले ज्ञान आणि अंगावर आलेले ज्ञान यांत फरक राहतोच. रात्री मोबाइलवर युरोपातल्या लीगचे तुकडे पाहणाऱ्या आपल्या मुलांना प्रत्येक खेळाडूचे नाव, किंमत आणि बूट माहीत असतात. गोल होण्याआधीची वीस सेकंदे मात्र त्या तुकड्यांत कापलेली असतात.

शिर्डीतल्या एका शाळेच्या मैदानावर मी जे पाहिले ते आता सांगायला हवे. सर यायचे होते, म्हणून मुले आपली आपण खेळत होती. चार-चार जणांचे दोन संघ, दप्तरांचे गोल, ऑफसाइड नाही, फाउलवरून भांडण. त्यांत एक किडकिडीत, इतरांच्या खांद्याला लागेल एवढा पोरगा होता. त्याच्याकडे चेंडू यायच्या आधी त्याची हनुवटी दर वेळी डाव्या खांद्यावर टेकून परत यायची, चिमणीसारखी. एकदा मागून धिप्पाड मुलगा धावत आला. याने चेंडू थांबवलाच नाही, आल्या पायी बाजूला ढकलला आणि स्वतः बाजूला झाला. धिप्पाड मुलगा मोकळ्या हवेत लाथ मारून पुढे गेला. मी नंतर विचारले, तुला कसे कळले तो येतोय? 'आधी बघितला व्हता ना. मंग दिला सोडून.' त्याला प्रश्नच निरर्थक वाटला.

मग सर आले. त्यांनी पिशवीतून मार्कर कोन काढले, एका ओळीत लावले, मुलांना रांगेत उभे केले आणि एकेकाने कोनांतून चेंडू काढायला सुरुवात केली. सर मनापासून शिकवत होते, एकेकाचा पाय धरून दाखवत होते. पण कोन अंगावर येत नाही, हुलकावणीला फसत नाही, जागा सोडत नाही. तो किडकिडीत पोरगाही आता खाली मान घालून चालला होता, कारण कोनांतून जाताना वर बघायचे काही कारणच उरत नाही. बाकीचे सगळे आपली पाळी येईपर्यंत कमरेवर हात ठेवून उभे. दप्तरांच्या गोलातल्या पंधरा मिनिटांत त्याने जितके निर्णय घेतले असतील, तितके पुढच्या तासाभरात सगळ्या रांगेने मिळून घेतले नाहीत.

अंद्रे रोका, विल्यम्स आणि पॉल फोर्ड यांनी २०१२ मध्ये खेळाडूंच्या बालपणाचा हिशेब मांडला तेव्हा, अंदाज बांधण्यात आणि निर्णय घेण्यात कोण सरस, याच्याशी सर्वांत जास्त संबंध निघाला तो लहानपणी आपापसात, मोठ्यांशिवाय खेळलेल्या फुटबॉलच्या तासांचा. हे वाचून प्रशिक्षकांना घरी पाठवा असा अर्थ कुणी काढू नये. पण असे तास साठायला जागा लागते. शिर्डीत ती कुठून आणायची? काकडीचे विमानतळ २०१७ मध्ये सुरू झाले, समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, आणि गावातल्या मोकळ्या प्लॉटवर लॉज किंवा पार्किंग उभे राहणे हा त्याचा साधा परिणाम आहे. त्यावर गावाचे पोट आहे. तासावर भाड्याने मिळणारे टर्फ हा हल्लीचा उपाय. तिथे दिव्यांच्या झोतात तरुण मंडळी खेळतात, बहुतेक वेळा बॉक्स क्रिकेट. जवळच्या श्रीरामपूरचा झहीर खान आणि संगमनेरकडच्या आश्वीचा अजिंक्य रहाणे डोळ्यांसमोर असताना त्यांना दोष देता येत नाही. किडकिडीत पोराला मात्र टर्फचे भाडे परवडत नाही, आणि मोठ्यांत त्याला कुणी घेतही नाही.

त्याच्या उंचीचाही एक प्रश्न आहे. माझ्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. आता जन्माचे दाखले आले, तरी वय चोरण्याची खोड खेळांतून गेलेली नाही. म्हणून मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय पाहावे लागते, आणि फिफा त्यासाठी एमआरआय वापरते. पण वय खरे असले तरी पेच सुटत नाही. वयोगटाची सीमा १ जानेवारीला असली की जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात येतात. बाराव्या वर्षी हे अंतर पंजाभर उंचीचे असू शकते. निवड होते ती मोठ्याची, आणि जगभरच्या वयोगट संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची गर्दी दिसते ती यामुळेच. अंगाने मागे राहिलेल्याला धडकून चालत नाही, म्हणून तो आधी पाहायला शिकतो. बार्सिलोनाचे चावी आणि मेस्सी १.७० मीटर, इनिएस्ता त्याहून सेंटिमीटरभर उंच. हे तिघे एकाच संघात एकत्र खेळले, यात योगायोगाचा भाग किती आणि मुद्दाम ठेवलेल्या संयमाचा किती, हे तिथल्या अकादमीला विचारण्यासारखे आहे. तिथे रोज रोंडो नावाचा जो सरावाचा खेळ खेळतात त्यात जागा इतकी तोकडी असते की चेंडू आल्यावर विचार करणाऱ्याची लगेच मधे जाऊन पकडायची पाळी येते.

तर मग नऊ कसोट्यांना दहावी जोडावी का? खर्च काही नाही. चार-चार जणांचा खेळ लावायचा, वीस मिनिटे. एकाने एकाच मुलाकडे बघायचे आणि चेंडू येण्याआधी त्याने किती वेळा मान वळवली, तेवढ्या रेघा कागदावर मारायच्या. यॉर्डेट यांनी याहून फार वेगळे काही केले नाही. पण ही कसोटी जाहीर झाल्यावर पुढच्याच वर्षी काय होईल, ते आपल्याकडच्या दहावी-बारावीचे हाल पाहिलेल्या कुणालाही सांगता येईल. क्लास निघतील, आणि त्यांत मुलांना माना वळवायला शिकवतील. न पाहता. मान वळली म्हणजे नजर टेकली असे नाही, आणि नजर टेकली म्हणजे उमगले असेही नाही.

म्हणून रेघा मारण्यापेक्षा मधेच शिट्टी वाजवून मुलाला जागेवर थांबवावे, डोळे मिटायला लावावेत आणि विचारावे, तुझ्या मागे कोण आहे, किती लांब, आणि तुझा कोणता भिडू मोकळा आहे? हे पाठ करून येत नाही, कारण प्रत्येक वेळी उत्तर निराळे असते. मुश्कील एवढीच, की विचारणाऱ्यालाही ते उत्तर ठाऊक असावे लागते. शिट्टी वाजली त्या क्षणी त्याची स्वतःची नजर चेंडूवर असून चालणार नाही. निवड चाचणीला बसलेल्या आम्हा मोठ्यांपैकी बहुतेकांची ती तिथेच असते. शिवाय आमचे टेबल सावली बघून लावलेले असते, आणि तिथून अर्धे मैदान दिसतच नाही.